वादळानंतर मदतीच्या ट्रकला नियमांतून सवलत: कोणती मिळते, कोणती मिळत नाही आणि तुम्ही काय जपावे

चक्रीवादळ किनाऱ्यावर येऊन गेले की दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर घाई सुरू होते. ताडपत्री, पिण्याचे पाणी, तांदूळ, जनरेटर, विजेचे खांब, घरावरचे पत्रे यांतले बहुतेक सगळे शेवटी ट्रक किंवा टेम्पोनेच गावात पोहोचते. अशा वेळी सरकार मालवाहतुकीचे काही नियम काही दिवसांपुरते शिथिल करते. बातमीत मात्र "मदतीच्या गाड्यांना सूट" एवढेच शब्द येतात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. गाडीला मदतकार्याचा फलक लावला की टोल नाही, वजनाची मर्यादा नाही आणि कागदही कोणी तपासणार नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे नसते.

आपल्याकडे एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत. मे २०१९ मध्ये ओडिशात फनी, जून २०२० मध्ये रायगडात निसर्ग, मे २०२१ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर तौक्ते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात मोंथा आले. पुढचे वादळ येण्याआधी ही माहिती वाचून ठेवलेली बरी. तुम्ही कर्जावर टेम्पो घेतलेले मालक असाल, पगारी चालक असाल किंवा रेशनच्या ट्रकची वाट पाहणारे कुटुंब असाल, तरी यात तुमच्या कामाचे काही आहे.

थोडक्यात

• सवलत लेखी आदेशानेच मिळते. आदेशात कोणता माल, कोणता भाग आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेले असते.
• सवलत बहुधा टोल, परमिट, कागदपत्रांची मुदत आणि कामाचे तास यांपुरती असते.
• विमा, लायसन्स आणि वजनाची मर्यादा यांतून सूट मिळाली असे गृहीत धरू नका.
• प्रशासनाने तुमची गाडी घेतली तर लेखी आदेश मिळणे आणि भाडे मिळणे हा तुमचा हक्क आहे.
• मदतकार्यात काम करताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला आपत्ती निधीतून मदत मिळू शकते.

आजवर कोणत्या सवलती मिळाल्या

आपल्या देशात वादळ आले की आपोआप लागू होणारी एकच सवलत नाही. प्रत्येक वेळी वेगवेगळी कार्यालये वेगवेगळे आदेश काढतात. काही उदाहरणे पाहू.

टोल: कोविडच्या लाटेत, मे २०२१ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवर द्रवरूप वैद्यकीय ऑक्सिजन नेणाऱ्या टँकर आणि कंटेनरना दोन महिन्यांसाठी टोल माफ झाला. त्याच महामार्गावरून धान्य नेणाऱ्या ट्रकला मात्र टोल होता. त्याआधी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सगळ्याच वाहनांची टोलवसुली थांबवली होती, ती २० एप्रिल २०२० पासून पुन्हा सुरू झाली. एका वेळी सवलत मालाला होती, दुसऱ्या वेळी सगळ्यांना होती. दोन्ही वेळा ती ठरावीक मुदतीची होती.

परमिट: सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिजनची वाहतूक करणाऱ्या वाहनांना ३१ मार्च २०२१ पर्यंत परमिटच्या अटीतून मोकळे केले.

कागदपत्रांची मुदत: १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली लायसन्स, नोंदणी, फिटनेस आणि परमिट वैध धरावीत, अशी सूचना केंद्राने ३० मार्च २०२० ला राज्यांना दिली. ही मुदत अनेकदा वाढत गेली आणि ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली.

रेल्वेभाडे: २०१८ च्या केरळ महापुरानंतर आणि २०१९ च्या फनीनंतर रेल्वेने सरकारी संस्थांचे मदत साहित्य विनाशुल्क नेले. अशी सवलत खासगी मालाला नसते. पाठवणारी किंवा घेणारी यंत्रणा सरकारी असावी लागते.

ठरावीक मालासाठी दिलेल्या सवलतींत एक गोष्ट सारखी आहे. सवलत गाडीला मिळत नाही, गाडीतल्या मालाला आणि त्या फेरीला मिळते. मदतीचा माल उतरवून परतीच्या वाटेवर तुम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल भरला, तर ती फेरी नेहमीची फेरी होते.

कायद्यातच असलेल्या सवलती

काही सवलतींसाठी नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. त्यांतल्या बहुतेक मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आधीपासून आहेत, पण छोट्या गाडीमालकांना त्या फारशा माहीत नसतात.

१. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागतच नाही. हा आकडा तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. अनेक छोटे टेम्पो यात बसतात.

२. पूर, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीमुळे रस्ता बंद झाला आणि गाडीला ठिकाणावर पोहोचण्यासाठी दुसऱ्या मार्गाने, प्रसंगी दुसऱ्या राज्यातून जावे लागले, तर त्या वळणासाठी वेगळे परमिट लागत नाही. (कलम ६६)

३. तातडीच्या, तात्पुरत्या गरजेसाठी आरटीओ जास्तीत जास्त चार महिन्यांचे तात्पुरते परमिट देऊ शकते. (कलम ८७)

४. आणीबाणीत किंवा आधी कल्पना नसलेल्या कारणाने उशीर झाल्यास राज्य सरकार अधिसूचना काढून चालकांच्या कामाच्या तासांतून सूट देऊ शकते. (कलम ९१)

५. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. वादळामुळे गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंत पोर्टलवर कारण देऊन ती वाढवता येते. हे आठ तास हातचे गेले तर दंडाची भानगड मागे लागते. म्हणून नेटवर्क मिळाले की हे काम आधी करा, किंवा माल पाठवणाऱ्याला फोन करून करायला सांगा.

कशाला सवलत नसते

वजन: "एवढे धान्य तर लोकांसाठीच आहे" म्हणून जास्त भरणे हा नेहमीचा मोह असतो. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दंडापेक्षाही मोठा धोका रस्त्याचा आहे. वादळानंतर रस्त्याची कड खचलेली असते, साकव आणि छोटे पूल आतून पोखरलेले असतात. अशा पुलावर जादा वजनाची गाडी गेली तर त्या गावाकडे येणारी पुढची सगळी मदत थांबते.

विमा: तृतीय पक्ष विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणण्याची मुभा मदतकार्यातही नाही. मुदत संपलेली असेल तर आधी विमा भरा, मग माल भरा.

लायसन्स: हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. मोठ्या ट्रकला मात्र जड वाहनाचेच लायसन्स हवे. चालक मिळत नाही म्हणून क्लीनरच्या हाती स्टिअरिंग दिले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

माणसे: निवारा केंद्रातून घरी परतताना लोक मालाच्या ट्रकमध्ये बसतात. चालकही माणुसकीने बसवतो. पण मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच अपवाद आहे. तेव्हा परतण्यासाठी बस किंवा प्रशासनाने ठरवलेली गाडी मागा. लहान मुले आणि वृद्धांना घेऊन मालाच्या ट्रकमध्ये चढू नका.

अमेरिकेची पद्धत आणि आपली पद्धत

या विषयाची चर्चा अमेरिकेतील हरिकेन वादळांनंतर जास्त होते. तिथे मालवाहू ट्रकचालकाला सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. बहुतेक ट्रकमध्ये या तासांची नोंद यंत्रावर होते. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ फ्लोरिडात धडकले, तेव्हा अनेक राज्यांत मदतीचा माल नेणाऱ्या चालकांना या तासांतून तात्पुरती सूट देण्यात आली. राज्याच्या गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केल्यावर आपोआप मिळणारी ही सूट पूर्वी ३० दिवसांची होती. डिसेंबर २०२३ पासून ती १४ दिवसांवर आणली आहे आणि ती मुख्यतः कामाच्या तासांपुरतीच ठेवली आहे. लायसन्स, विमा, मद्य व अमली पदार्थांची चाचणी यांतून सूट मिळत नाही. चालकाने "मला आता विश्रांती हवी" असे सांगितले तर त्याला सलग १० तास द्यावे लागतात.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ नुसार कामाची मर्यादा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४ तास, आणि नैसर्गिक आपत्तीत अटींसह त्याहून जास्त. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० मध्ये सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. एकदोन गाड्यांचे मालक आणि त्यांचे चालक त्याच्या बाहेर राहिले, आणि तास मोजण्याची सवयही लागली नाही.

याचा परिणाम लक्षात घ्या. अमेरिकेत तास मोजले जातात, म्हणून ते शिथिल करताना विश्रांतीचा हक्कही लिहावा लागतो. आपल्याकडे सवलत बहुधा कागदांची आणि टोलची असते. तासांची सवलत कोणी जाहीर न करताच चालकाकडून घेतली जाते. "लोक वाट पाहत आहेत" असे म्हटले की चालक नाही म्हणू शकत नाही. सवलतीची सर्वांत मोठी किंमत इथे मोजली जाते, आणि ती एकट्या चालकाला मोजावी लागते. म्हणून मदतीच्या फेरीवर दोन चालक मागा. एकच चालक असेल तर वाटेत कुठे थांबून झोपायचे हे निघण्यापूर्वीच ठरवा. चार तास उशिरा आलेला ट्रक चालतो, न पोहोचलेला चालत नाही.

प्रशासनाने तुमची गाडी घेतली तर

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण बचाव, मदत किंवा पुनर्वसनाच्या वाहतुकीसाठी खासगी गाडी अधिग्रहित करू शकते. यासाठी आदेश लेखी असावा लागतो. कलम ६६ नुसार मालकाला त्या भागातील चालू भाडेदराच्या आधारे मोबदला द्यावा लागतो. रक्कम कमी वाटली तर ठरलेल्या मुदतीत अर्ज करून प्रकरण लवादाकडे नेण्याची मागणी करता येते. गाडी हप्त्याने खरेदीच्या करारावर असेल तर मोबदल्याची वाटणी मालक आणि गाडी वापरणारा यांच्यात सहमतीने होते. सहमती झाली नाही तर लवाद ठरवतो.

लेखी आदेशाला आणखी एक कारण आहे. सरकारने अधिग्रहित करून स्वतःच्या ताब्यात घेतलेल्या गाडीचा अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी ताबा असलेल्या शासनावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील एका निकालात म्हटले आहे. पण तुम्ही तोंडी सांगण्यावरून गाडी दिली असेल, तर ती अधिग्रहित होती हे सिद्ध करायचे कसे? अधिकारी घाईत असतात, हे खरे. तरीही आदेशाचा फोटो, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचे किलोमीटर, डिझेल किती होते आणि चालक कोणाचा, एवढे लिहून घ्या. परत मिळताना हीच नोंद पुन्हा करा.

चालक आणि हमालांसाठी

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार आपत्तीतील मृत्यूसाठी कुटुंबाला ४ लाख रुपये मिळतात. मदतकार्यात गुंतलेल्या व्यक्तीचा मृत्यूही यात धरला जातो. ४० ते ६० टक्के अपंगत्व आल्यास ७४,००० रुपये आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास २.५ लाख रुपये अशी तरतूद आहे. मृत्यूचे कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते. तुम्ही मदतीच्या फेरीवर होता हे दाखवणारा कागद, म्हणजे आदेश, पावती किंवा माल उतरवल्याची सही, इथे कामी येतो.

याशिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला २ लाख रुपयांचे अपघाती मृत्यू संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून दरवर्षी वळता होतो. खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते. वादळाच्या हंगामाआधी पासबुक एकदा पाहा.

तुमच्याकडे गाडी नसेल, तुम्ही फक्त मदतीची वाट पाहत असाल तर

रेशन: रस्ता तुटल्याने तुमच्या दुकानात धान्य आले नसेल, तर "एक देश एक रेशन कार्ड" व्यवस्थेमुळे देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून तुम्ही तुमच्या वाट्याचे धान्य घेऊ शकता. नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात गेला असाल तरीही. दुकानदार नकार देत असेल तर १९६७ या क्रमांकावर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे.

भाव: "गाड्या येत नाहीत" असे सांगून पाणी, मेणबत्त्या, पत्रे यांचे भाव वाढवले जातात. टोल किंवा रेल्वेभाडे माफ झालेले असेल तर ते तहसील कार्यालयात विचारा आणि भाववाढीची तक्रार करताना सांगा. पावती मागा.

मदतीचा माल: मदतीसाठी आलेले साहित्य किंवा पैसे हडपणे हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५३ नुसार गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. खोटा दावा करून मदत घेणाऱ्यालाही कलम ५२ नुसार शिक्षा होऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: आमच्या मंडळाने गावातून धान्य गोळा करून ट्रक पाठवला. टोल माफ होईल का?
उत्तर: त्या वेळी तसा आदेश असेल आणि तुमचा माल त्यात बसत असेल तरच. निघण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातून मदत साहित्याचे पत्र घ्या. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ वर फोन करा. राज्य महामार्गावरील टोलचा निर्णय त्या राज्याचा असतो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न: माल कुठे पाठवावा, हे कसे कळेल?
उत्तर: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ आणि राज्य नियंत्रण कक्ष १०७०. आधी विचारून निघा. न विचारता पाठवलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात आणि ताडपत्रीचा ट्रक त्यांच्या मागे अडकतो.

प्रश्न: आदेशाची मुदत वाटेत संपली तर?
उत्तर: संपल्या तारखेनंतर नेहमीचे नियम लागू होतात. मुदत वाढली आहे का हे संबंधित कार्यालयाकडून तपासा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या आदेशावर विसंबू नका, त्यावरची तारीख आधी वाचा.

प्रश्न: गाडीत कोणते कागद ठेवावेत?
उत्तर: नोंदणी प्रमाणपत्र, विमा, फिटनेस, पीयूसी, लागत असल्यास परमिट, लायसन्स, ई-वे बिल, मदत साहित्याचे पत्र आणि सवलतीच्या आदेशाची प्रत. गाडीचे कागद आणि लायसन्स डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात. पण वादळानंतर नेटवर्क आणि वीज दोन्ही नसतात, म्हणून छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गाडीत ठेवा.